न मागता उतरणारा माल

चतुर्थी आटोपली आणि विसर्जनाची गडबड ओसरली की गोव्यातील घराघरांत मोबाइल फोनवर एक ठरलेली सूचना उमटू लागते: साठवणुकीची जागा संपत आली आहे. दीड दिवसापासून अकरा दिवसांपर्यंत नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या, वाड्यावरच्या आणि आखातात असलेल्या मंडळींच्या गटांतून माटोळ्यांची छायाचित्रे, घुमटआरत्यांच्या चित्रफिती, फुगड्या आणि शुभेच्छांची रंगीत चित्रे येत राहतात. पाहणाऱ्याने त्यांतील मोजकीच पाहिलेली असतात. फोनमध्ये मात्र सगळीच उतरलेली असतात. मग कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या नातवाला आजीचा फोन साफ करायला बसवले जाते. त्या सफाईत नको ते कित्येकदा तसेच राहते आणि हवे ते निघून जाते.

विषय वरकरणी किरकोळ आहे. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र तसा नाही. आपण पैसे मोजून घेतलेल्या उपकरणात काय यावे, हे कोणी ठरवायचे? गेली वीस वर्षे माध्यम-सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या सोयीने देऊन टाकले आहे, आणि आपल्या कायद्याने तो अजून नीटसा विचारलेलाही नाही. आपली माहिती फोनमधून बाहेर जाण्याबाबत आता कायद्यापाशी संमतीची भाषा आहे. बाहेरचा माल फोनमध्ये आत येण्याबाबत तशी भाषा जवळपास नाहीच.

मराठीत 'उतरणे' आणि 'उतरवणे' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. पाहुणा उतरतो, ओझे आपण उतरवतो. डाउनलोड या शब्दात हा भेद बुडून जातो. 'अमुक फाइल डाउनलोड झाली' असे आपण सहज म्हणतो, तेव्हा ती आपण उतरवली की ती आपणहून उतरली, हे वाक्य सांगत नाही. पुढे येणाऱ्या बहुतेक वादांची गाठ याच ठिकाणी आहे.

व्हॉट्सॲपचेच पाहा. मूळ मांडणीत मोबाइल डेटावर असताना छायाचित्रे आपोआप उतरतात. वाय-फायवर असताना छायाचित्रांबरोबर चित्रफिती, ध्वनिफिती आणि कागदपत्रेही. शिवाय उतरलेली छायाचित्रे फोनच्या गॅलरीत, म्हणजे घरच्या छायाचित्रांच्या शेजारी जाऊन बसतात. हे सारे बंद करता येते. पण त्यासाठी सेटिंग्जमध्ये शिरून 'स्टोरेज अँड डेटा' शोधावे लागते, तिथल्या तीन ओळींतील खुणा एकेक करून काढाव्या लागतात, आणि गॅलरीचा विषय वेगळ्याच पानावर असतो. ज्याला हे येते त्याला त्याची गरज कमी असते. ज्याला गरज असते त्याला ते येत नाही. तंत्रज्ञ ज्याला 'डिफॉल्ट' म्हणतात ती मूळ मांडणी म्हणजे कंपनीने ग्राहकाच्या नावाने घेतलेला निर्णय असतो. कोट्यवधी लोक तो कधीच बदलत नाहीत, हे कंपनीला पक्के ठाऊक असते. म्हणून 'पर्याय दिलेला आहे की' हा बचाव अर्धाच खरा.

या सवयीचा इतिहास मोबाइलच्या आधीचा आहे. संगणकावर गाणी आणि चित्रफिती वाजवणारी सॉफ्टवेअर फुकट मिळू लागली, तेव्हाच त्यांच्या पोटातून दुसरे काही तरी घरात शिरू लागले. जानेवारी २००८ मध्ये 'स्टॉपबॅडवेअर' या उपक्रमाने त्या काळच्या अत्यंत लोकप्रिय रिअलप्लेअरच्या दोन आवृत्त्यांना सदोष ठरवले. एका आवृत्तीबरोबर जाहिराती दाखवणारा भाग येत होता आणि तो तसा आहे हे नीट सांगितले जात नव्हते. दुसरीबरोबर संगीतसेवेचे वेगळे सॉफ्टवेअर न सांगता बसवले जात होते, आणि रिअलप्लेअर काढून टाकला तरी ते मागे उरत होते. त्याच्या सुमारे सव्वादोन वर्षे आधी, ऑक्टोबर २००५ मध्ये, सोनी बीएमजीच्या संगीत-सीडी संगणकात घातल्यावर त्यांतून एक दडून राहणारी आज्ञावली बसते, हे मार्क रसिनोविच या संगणकतज्ज्ञाने उघडकीस आणले. ती नकला रोखण्यासाठी होती, पण तिच्या आडोशाला खरे विषाणूही लपू शकत होते. कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

मार्च २००८ मधला प्रकार अधिक सौम्य होता, आणि म्हणूनच अधिक बोधक. विंडोज संगणकावर ज्यांनी गाण्यांसाठी आयट्यून्स किंवा चित्रफितींसाठी क्विकटाइम घेतले होते, त्यांच्यासमोर ॲपलच्या अद्ययावतीकरणाच्या चौकटीत सफारी हा ब्राउझर झळकला. तो त्यांच्याकडे नव्हताच. तरी त्याच्यापुढे बरोबरची खूण आधीच केलेली होती. नेहमीच्या सवयीने बटण दाबणाऱ्याच्या संगणकात एक नवे सॉफ्टवेअर येऊन बसत होते. मोझिलाचे तेव्हाचे मुख्याधिकारी जॉन लिली यांनी यावर जाहीर टीका केली. ते प्रतिस्पर्धी ब्राउझरचे प्रमुख होते, हे खरे; पण त्यांचा मुद्दा स्पर्धेपुरता नव्हता. अद्ययावतीकरण हा विश्वासाचा व्यवहार आहे, त्यात विक्री मिसळली तर लोक अद्ययावतीकरणालाच नकार देऊ लागतील, असा तो होता. पुढे ॲपलने जुन्या सॉफ्टवेअरची सुधारणा आणि नवे सॉफ्टवेअर अशा दोन वेगळ्या याद्या केल्या.

मात्र या विषयातील सर्वांत गाजलेला प्रसंग ९ सप्टेंबर २०१४ चा. आयफोन-६ च्या अनावरणाच्या समारंभात ॲपलने जाहीर केले की यू-टू या आयरिश वाद्यवृंदाचा 'साँग्ज ऑफ इनोसन्स' हा नवा संग्रह आयट्यून्सच्या सर्व ग्राहकांना मोफत देण्यात येत आहे. ११९ देशांतील ५० कोटींहून अधिक खाती! नुसते 'हवा असेल तर घ्या' असे ते नव्हते. संग्रह प्रत्येकाच्या 'खरेदी केलेल्या' गाण्यांच्या यादीत जाऊन बसला, आणि ज्यांनी खरेदी आपोआप उतरवण्याची मुभा देऊन ठेवली होती, त्यांच्या फोनमध्ये अकराही गाणी प्रत्यक्ष उतरली. कंपनीची कल्पना अशी असावी की फुकट मिळालेल्या भेटीवर कोण रागावणार? लोक रागावले. इतके की आठवडा उलटण्याच्या आत ॲपलला केवळ हा संग्रह काढून टाकण्यासाठी एक स्वतंत्र पान उभारावे लागले, कारण साध्या मार्गाने तो खात्यातून जात नव्हता. वाद्यवृंदाचा गायक बोनो याने ऑक्टोबरमध्ये दिलगिरी व्यक्त केली, आणि त्यात उदारतेबरोबर थोडा अहंकार व आत्मप्रसिद्धीचा सोसही होता, हेही मोकळेपणाने मान्य केले.

या प्रसंगाची नंतर पुष्कळ थट्टा झाली. पण लोकांना नेमके काय खुपले, याचा विचार कमी झाला. गाणी वाईट होती असे सर्वांचे म्हणणे नव्हते. पैसेही पडले नव्हते. खुपले ते हे की आपल्या गाण्यांचा संग्रह हा आपल्या आवडीचा इतिहास असतो. कोणी भीमसेन जोशींच्या अभंगांशेजारी जितेंद्र अभिषेकींची नाट्यगीते ठेवलेली असतात, कोणी मुलीच्या नृत्यासाठी घेतलेले एकच गाणे. त्यात 'तुम्ही हे खरेदी केले' अशी नोंद दुसऱ्याच कोणी करावी, हे भेटवस्तू घरी पाठवण्यासारखे नाही. ते आपल्या वहीत आपल्या अक्षरात दुसऱ्याने मजकूर लिहिण्यासारखे आहे.

कंपन्यांना मुळात इतकी उत्सुकता का असते? एक उत्तर सोयीचे आहे: प्रवासात जाळे मिळत नाही, तेव्हा माल आधीच उतरलेला असला तर ग्राहक खूश राहतो. हे उत्तर खोटे नाही. सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या डोंगराळ भागांत ज्यांना फोन लावण्यासाठी अंगणाचा ठरावीक कोपरा गाठावा लागतो, त्यांना त्याची किंमत कळेल. पण दुसरे उत्तर पैशाचे आहे, आणि ते पॉडकास्टच्या धंद्याने फार स्पष्टपणे दाखवून दिले.

पॉडकास्टच्या जाहिरातींचा भाव बऱ्याच अंशी 'किती डाउनलोड झाले' यावर ठरत आला आहे. ॲपलच्या पॉडकास्ट ॲपमध्ये एखाद्या मालिकेचा पाठपुरावा करण्याचे बटण दाबले की तिचे नवे भाग आपोआप उतरू लागत. ऐकणारा मध्येच थांबला आणि काही महिन्यांनी पुन्हा वळला, तर मधल्या काळात राहिलेले भागही ॲप गोळा करून उतरवत असे. ते त्याने ऐकले का? बहुधा नाही. पण मोजणीत ते धरले जात. सप्टेंबर २०२३ मध्ये आयओएस-१७ बरोबर ॲपलने हे मागचे भाग उतरवणे थांबवले आणि अनेक मोठ्या कार्यक्रमांचे आकडे घसरले. रोज नवा भाग काढणाऱ्या, जुन्या भागांचा ढीग असलेल्या कार्यक्रमांना त्याचा फटका अधिक बसला. ऐकणारे कमी झाले नव्हते. न ऐकणारे मोजणीतून गळाले होते.

वर्तमानपत्राच्या कार्यालयात काम करणाऱ्याला हे फार ओळखीचे वाटते. छापलेला प्रत्येक अंक वाचला गेला असे कोणी म्हणू लागले तर जाहिरातदार हसतील. विक्रेत्याकडून न विकलेले अंक गठ्ठ्याने परत येतात आणि रद्दीत जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच आपल्याकडे १९४८ मध्ये ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स स्थापन झाली, आणि ती छापलेल्या नव्हे तर पैसे देऊन घेतलेल्या प्रतींचा खप प्रमाणित करते. छापील माध्यमाने जी शिस्त पाऊण शतकापूर्वी मान्य केली, ती डिजिटल माध्यमाला अजून पुरती मानवलेली नाही. त्यात एक फरकही आहे. वर्तमानपत्राची रद्दी विक्रेत्याच्या दुकानात साठते. डिजिटल रद्दी ग्राहकाच्या खिशात साठते आणि तिचे भाडेही त्याच्याच माथी पडते.

भाड्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. भारतात मोबाइल डेटा एकेकाळी महाग होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत. जिओ आल्यानंतर, २०१८ मध्ये तो भाव १२ रुपयांच्या आत आला. पूर्वी नको असलेली चित्रफीत उतरली की रिचार्ज संपल्याचे लगेच कळत असे आणि लोक सावध होत. आता रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा असतो, रात्री बारा वाजता तो नव्याने भरतो, आणि काय उतरले याकडे कोणी पाहत नाही. खर्च नाहीसा झालेला नाही; तो डेटाकडून साठवणुकीकडे सरकला आहे. फोनमध्ये उतरलेली छायाचित्रे, मुभा दिलेली असेल तर, गूगल फोटोजमध्ये चढतात. तिथली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आणि ती छायाचित्रे १५ जीबीच्या मोफत वाट्यात मोजली जाऊ लागली. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपची राखीव प्रतही पूर्वी या मोजणीबाहेर होती. २०२३ च्या अखेरीपासून तीही टप्प्याटप्प्याने त्यात आली. म्हणजे कोणी तरी पाठवलेले, आपण न उघडलेले सुप्रभाताचे फूल आधी फोनमध्ये, मग गॅलरीत, मग ढगात, आणि राखीव प्रतीत आणखी एकदा अशी जागा व्यापते. पंधरा जीबी भरले की त्याच खात्यावरची ईमेलही येईनाशी होते. जागा विकत घ्या, अशी सूचना त्याच वेळी येते. यामागे कोणाचा कट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापल्या सोयीने लावलेल्या खुणांची ही साखळी आहे. पण तिच्या शेवटच्या कडीला दरमहाची वर्गणी टांगलेली असते.

वृत्तपत्राच्या टेबलावर याची वेगळी गंमत दिसते. एखाद्या उद्घाटनाचे तेच छायाचित्र वार्ताहराकडून, संस्थेकडून, राजकीय पक्षाकडून आणि दोन उत्साही कार्यकर्त्यांकडून असे पाचदा येते आणि पाचही वेळा उतरते. रात्री पान लावताना नेमके कोणते घ्यायचे हे ठरवण्यात जाणारा वेळ कोणत्याही हिशेबात धरला जात नाही.

गोव्याच्या बाबतीत या मूळ मांडणीचा एक तोटा विशेष आहे, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. 'वाय-फाय म्हणजे फुकट' असे गृहीत धरून ही सॉफ्टवेअर लिहिलेली असतात. मोबाइल डेटावर जपून, वाय-फायवर सढळ हाताने, असा तो नियम. घरी ब्रॉडबँड असलेल्या शहरी कुटुंबाला तो ठीक आहे. पण आपल्याकडे हजारो घरांतील कर्ते पुरुष तारवटी आहेत. जहाजावर मिळणारे वाय-फाय उपग्रहावरून येते, आणि ज्या जहाजांवर ते मोजून विकत घ्यावे लागते तिथे प्रत्येक एमबीला महत्त्व असते. फोनला मात्र ते कळत नाही. त्याला दिसते ती फक्त वाय-फायची खूण, आणि तो घरच्या, वाड्याच्या, फुटबॉल क्लबच्या गटांतील सगळ्या चित्रफिती निष्ठेने उतरवायला लागतो. मुलाशी चार मिनिटे बोलण्यासाठी घेतलेले कार्ड अशा वेळी कोणाच्या तरी लग्नाच्या चित्रफितीत संपू शकते. एका फोनचे जाळे दुसऱ्याला हॉटस्पॉटने दिले तरी तेच होते: लॅपटॉपला ते वाय-फाय वाटते आणि तो रखडलेली सगळी अद्ययावतीकरणे त्याच वेळी काढतो. अँड्रॉइड आणि विंडोज या दोहोंत 'हे जाळे मोजून मिळणारे आहे' असे सांगण्याची सोय आहे. ती किती जणांना माहीत आहे?

चांगली उदाहरणेही आहेत, आणि ती नोंदवली नाहीत तर हा लेख एकांगी होईल. नेटफ्लिक्सने २०१८ मध्ये पाहून झालेला भाग काढून पुढचा भाग आपोआप उतरवण्याची सोय दिली. म्हणजे जेवढी जागा भरली तेवढी आधी मोकळी होत होती. २०२१ मध्ये त्याच कंपनीने आपल्या निवडीचे कार्यक्रम उतरवून ठेवण्याची सोय आणली, तेव्हा किती जागा द्यायची, १, ३ की ५ जीबी, हे प्रेक्षकाला आधी विचारले. म्हणजे विचारणे अशक्य नाही, आणि विचारल्याने धंदाही बुडत नाही.

सुरक्षेचा प्रश्न जागेपेक्षा गंभीर आहे. फाइल उतरली म्हणजे ती चालू झाली असे नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल आपण दाबून बसवल्याशिवाय काही करू शकत नाही. तिथे सावध बोट पुरेसे आहे. पण छायाचित्र किंवा चित्रफीत उतरताच फोन तिचे छोटे चित्र तयार करतो, म्हणजे ती आतून उघडून पाहतो. या उघडण्यात चूक असेल तर मालकाने काहीही न करता दार उघडते. जुलै २०१५ मध्ये उघड झालेला 'स्टेजफ्राइट' हा अँड्रॉइडमधील दोष असाच होता. एमएमएसने आलेली चित्रफीत आपोआप उतरल्याने फोन ताब्यात जाण्याची शक्यता होती, आणि सुमारे ९५ कोटी फोन त्याच्या कक्षेत येतात असा ती शोधणाऱ्यांचा अंदाज होता. एमएमएस आपोआप उतरवणे बंद करा, हा तेव्हाच्या पहिल्या सल्ल्यांपैकी एक होता. सप्टेंबर २०२१ मध्ये 'सिटिझन लॅब'ने उघड केलेल्या आयफोनवरील पेगॅसस हल्ल्यातही जीआयएफ चित्राचे रूप घेतलेली फाइल संदेशातून येत होती. ती उघडण्याचीही गरज नव्हती.

आणि मग फौजदारी कायदा. बालकांच्या लैंगिक शोषणाची दृश्ये बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि तो तसा असलाच पाहिजे. अनोळखी लोकांनी भरलेल्या गटात असा मजकूर कोणी टाकला आणि तो फोनमध्ये आपोआप उतरला, तर? केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अशाच एका प्रकरणात म्हटले की हेतूचा पुरावा नसताना केवळ आपोआप वा अपघाताने उतरलेल्या फाइलवरून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-बीखाली गुन्हा ठरत नाही. त्याच वर्षी २३ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने मद्रास उच्च न्यायालयाचा एक निर्णय रद्द करताना पॉक्सो कायद्याच्या कलम १५ चा कठोर अर्थ लावला. असा मजकूर साठवून ठेवणे आणि तो नष्ट न करणे वा न कळवणे, यावरून तो पुढे पाठवण्याचा हेतू गृहीत धरता येतो, आणि हे गृहीतक खोडून काढण्याचा भार आरोपीवर येतो. दोन्ही निर्णय एकत्र वाचले तर ग्राहकाची अवस्था ध्यानात येते. 'मी उतरवले नाही, ते उतरले' हे म्हणणे ग्राह्य धरले जाऊ शकते, पण ते त्याला मांडावे लागेल. फोनमध्ये काय पडले आहे याची जबाबदारी त्याची. ते पाडण्याचा निर्णय मात्र मूळ मांडणीचा. ज्या गटांत अनोळखी सदस्य आहेत, तिथल्या फाइली आपोआप उतरू देणे आजच्या घडीला शहाणपणाचे नाही, एवढे तरी यातून निश्चित निघते. असे काही आलेच तर ते पुढे पाठवू नये, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांकडे कळवावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आपोआप उतरणे सरसकट वाईट ठरवले तर सुरक्षेची अद्ययावतीकरणेही थांबतील. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातील रुग्णालये आणि कार्यालये ठप्प केली, तेव्हा तो दोष बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच काढलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. म्हणून दुरुस्ती आणि माल यांत भेद करायला हवा, आणि नेमका हा भेद कंपन्यांनीच पुसला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० च्या कित्येक जीबींच्या फाइली, ज्यांनी त्या मागितल्या नव्हत्या अशांच्याही संगणकांत आधीच उतरवून ठेवल्या. कॅलिफोर्नियातील एका छोट्या व्यावसायिक महिलेचा संगणक या न मागितलेल्या बदलानंतर नीट चालेना. तिने दावा लावला आणि कंपनीला दहा हजार डॉलर द्यावे लागले. रक्कम कंपनीच्या दृष्टीने क्षुल्लक होती. पण त्या काळात वैतागलेल्या अनेकांनी अद्ययावतीकरणच बंद करून टाकले. २००८ मध्ये लिली यांनी व्यक्त केलेली भीती ती हीच.

आता आपल्या कायद्याकडे वळू. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून माहिती उतरवून घेणाऱ्यावर जबाबदारी आहे. तो बाहेर जाणारा प्रवाह झाला. आत येणाऱ्या प्रवाहाबाबत तेच कलम बोलते, पण विषाणू किंवा संगणक दूषित करणाऱ्या आज्ञावलीपुरते. न मागितलेले गाणे हा विषाणू नव्हे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-व्यापार नियमांनी खरेदीसाठी आधीच खूण केलेल्या चौकटींतून संमती नोंदवण्यास मनाई केली, ती खरेदीपुरतीच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, ती स्पष्ट कृतीतून व्यक्त व्हावी, असे म्हणतो. संमतीची याहून चांगली व्याख्या आपल्या कायद्यात सापडणे कठीण. तीही फक्त माहिती बाहेर नेण्यासाठी.

अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये या प्रश्नाला एक वेगळी वाट फुटली. कॅलिफोर्नियातील सॅन होजेच्या न्यायालयात ज्युरींनी गूगलला ३१ कोटी ४६ लाख डॉलर, म्हणजे सुमारे २,७०० कोटी रुपये, भरपाई देण्यास सांगितले. फोन निवांत पडलेला असतानाही अँड्रॉइड प्रणाली वापरकर्त्याच्या मोबाइल डेटावर माहितीची देवाणघेवाण करते, असा त्या राज्यातील सुमारे १ कोटी ४० लाख ग्राहकांच्या वतीने केलेला दावा होता. गूगलने अपिलाचा मनोदय जाहीर केला, त्यामुळे तो काही अंतिम शब्द नव्हे. लक्षात घेण्याजोगा आहे तो दाव्याचा पाया. खासगीपणाच्या भंगापेक्षा त्यात मालमत्तेच्या अपहाराचा मुद्दा होता: पैसे देऊन घेतलेला डेटा ही ग्राहकाची वस्तू आहे आणि ती न विचारता वापरली गेली. हाच विचार फोनमधील जागेला लागू का होऊ नये? १२८ जीबीचा फोन ६४ जीबीच्या फोनपेक्षा महाग मिळतो. त्या फरकाचे पैसे ग्राहकाने दिलेले असतात.

आपल्याकडे नवा कायदा करण्याचीही गरज नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविषयी, ज्याला 'डार्क पॅटर्न' म्हणतात त्याविषयी, मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि तिच्या तेरा प्रकारांची यादी दिली. खोटी घाई, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणे, वर्गणीचा सापळा, सतत टोचणी असे प्रकार त्यात आहेत. ही तत्त्वे फक्त दुकानांपुरती नाहीत. भारतात वस्तू वा सेवा देणाऱ्या सर्व मंचांना ती लागू आहेत. न मागितलेला मजकूर ग्राहकाच्या उपकरणात उतरवणे आणि ते थांबवण्याची कळ तिसऱ्या पानावर ठेवणे, हा चौदावा प्रकार म्हणून त्या यादीत घालता येईल. पहिल्यांदा ॲप उघडताना एकच प्रश्न विचारण्याची सक्ती पुरेशी आहे: छायाचित्रे आणि चित्रफिती आपोआप उतरवायच्या का, आणि उतरवायच्या तर किती जागेपर्यंत? तो प्रश्न मराठीत, कोकणीत, ज्या भाषेत फोन चालतो त्या भाषेत असावा. सुरक्षेची दुरुस्ती यातून वगळावी, मात्र तिच्याबरोबर दुसरे काहीही न पाठवण्याच्या अटीवर.

जून २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने ई-व्यापार मंचांना तीन महिन्यांत आपापली तपासणी करून अशी फसवी मांडणी काढून टाकण्यास सांगितले. तपासणीची मोजपट्टी म्हणजे तेच तेरा प्रकार. यादीतल्या प्रकारांविषयी ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवता येते. न मागता उतरलेल्या मालाची तक्रार त्यांतील कोणत्या प्रकाराखाली नोंदवायची, याचे उत्तर मात्र त्या यादीत नाही.